संभाषण षट्कर्णीं कसें झालें?

दोघांमधील गोष्ट तिसऱ्याच्या कानीं गेली म्हणजे ती षट्कर्णीं झाली, असें म्हणण्याचा आपल्या भाषेंत प्रघात आहे. खासगी बोलण्याचें सारें मर्म या एका शब्दांत आलें आहे. चार कान बोलणाऱ्यांचे स्वतःचे. उरलेले दोन आगंतुकाचे. पूर्वीं हे आगंतुक कान ओळखणें फारसें कठीण नसे. दाराआड कोणी उभें आहे कीं काय, हें दार उघडून पाहतां येई. परंतु बोलणारा पुण्यास आणि ऐकणारा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आणि मधला सर्व मार्ग एखाद्या परक्या कंपनीच्या यंत्रांतून जाणारा, अशी स्थिति आली म्हणजे दार कोठें आहे हेंच मुळीं कळत नाहीं. मग तें उघडून पाहण्याची गोष्ट दूरच.

ता. ५ मे २०२५ रोजीं स्काइप ही इंटरनेटवरून बोलण्याची सेवा बंद झाली. ज्या मराठी कुटुंबांतील मुलें शिक्षणाकरितां वा नोकरीकरितां परदेशीं गेलीं, त्यांपैकीं कित्येकांच्या घरीं या सेवेनें कित्येक वर्षें दूरच्या नातवंडांचें तोंड दाखविलें. तेव्हां तिच्या अंतानें थोडी हळहळ वाटावी हें स्वाभाविकच होय. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें हळहळीपाशीं थांबूं नये. आजीनें नातीस सांगितलेला औषधोपचार, भावाभावांनीं केलेली वाटणीची बोलणीं, पत्रकारानें मिळविलेली बातमी, हें सर्व ज्या मार्गानें गेलें त्या मार्गावर तिसरा कान होता काय? आणि असल्यास तो आहे हें बोलणाऱ्यास कळण्याची कांहीं सोय होती काय? आमच्या मतें दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक महत्त्वाचा आहे. आणि प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या प्रश्नाचें मूळ स्काइपच्या फार मागें जातें. जोसेफ मॅझिनी हें नांव मराठी वाचकांस सावरकरांच्या १९०७ सालच्या पुस्तकापासून परिचयाचें आहे. हा इटालियन देशभक्त १८४४ सालीं लंडन येथें निर्वासित म्हणून राहत असतां, आपलीं पत्रें वाटेंत कोणी तरी उघडतें, असा त्यास संशय आला. त्याची खातरजमा करण्याची युक्ति मोठी साधी होती. त्यानें व त्याच्या मित्रांनीं पाकिटांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण, केस अशा बारीक वस्तु घालून पत्रें धाडलीं. पत्र हातीं आलें तेव्हां तें वरकरणी बंदच होतें; आंतील दाणे मात्र नाहींसे झाले होते. प्रकरण पार्लमेंटांत गेलें. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकमावरून टपालखातें तीं पत्रें फोडीत होतें, हें उघड झालें; चौकशी समित्या बसल्या; आणि पत्रें फोडण्याचें काम करणारी टपालखात्याची गुप्त शाखा अखेर मोडण्यांत आली.

या हकीकतींत लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, मॅझिनीजवळ सैन्य नव्हतें, सत्ता नव्हती, द्रव्यहि नव्हतें; तरी आपलें पत्र फोडलें जातें हें सिद्ध करण्याचें साधन त्याच्या हातीं होतें. पाकीट त्याचें, लाख त्याची, आणि दाणेहि त्याचेच. ज्याचें गुपित त्यालाच त्याच्या रक्षणाची परीक्षा करतां येत होती.

पुढें सुमारें चाळीस वर्षांनीं, १८८३ सालीं, ऑग्यूस्त केर्कहॉफ्स या हॉलंडांत जन्मलेल्या व पॅरिस येथें जर्मन भाषा शिकविणाऱ्या अध्यापकानें सैनिकी कूटलेखनावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें घालून दिलेल्या नियमांपैकीं एक आजहि या शास्त्राचा पाया मानला जातो. कूटलेखनाची पद्धति शत्रूच्या हातीं पडली तरी कांहीं बिघडूं नये. गुप्त ठेवावयाची ती केवळ किल्ली, असा त्याचा आशय आहे. ज्या कुलुपाची रचना भर बाजारांत मांडून ठेवली तरी किल्लीवांचून तें उघडत नाहीं, तें कुलूप चांगलें. ज्याच्या आंत कोणी पाहिलें नाहीं तोंवरच जें सुरक्षित, त्यास कुलूप म्हणण्यापेक्षां झांकलेलें भोंक म्हणणेंच बरें. मॅझिनीचे दाणे आणि केर्कहॉफ्सचा नियम हीं दोन मापें हातीं घेऊनच स्काइपच्या इतिहासाकडे पाहिलें पाहिजे.

ऑगस्ट २००३ मध्यें ही सेवा लोकांपुढें आली. तिचे संस्थापक निकलास झेनस्ट्रॉम हे स्वीडनचे आणि यानुस फ्रीस हे डेन्मार्कचे. परंतु तिची यंत्ररचना बांधिली ती प्रामुख्यानें एस्टोनियांतील आहती हेन्ला, प्रीट कासेसालू व यान ताल्लिन या तरुणांनीं. याच मंडळींनीं पूर्वीं काझा नांवाचें साधन केलें होतें. त्यांत लोकांचे संगणक एकमेकांशीं परभारें जोडले जाऊन गाण्यांच्या फाइलींची देवघेव करीत. तीच कल्पना आतां बोलण्यास लाविली. मध्यवर्ती टेलिफोन-एक्स्चेंज असें कांहीं ठेवलें नाहीं. ज्या ग्राहकांचे संगणक जलद व जोडणी चांगली, त्यांच्याच संगणकांवर इतरांचा पत्ता शोधून देण्याचें काम सोंपविलें. ऑगस्ट २००७ मध्यें विंडोजच्या एका सुधारणेनंतर असंख्य संगणक एकाच वेळीं बंद होऊन पुन्हां चालू झाले, तेव्हां ही सेवा सुमारें दोन दिवस कोलमडली. आपण ज्या इमारतींत राहतों तिचे खांब आपणच आहों, हें पुष्कळांस त्या दिवशीं प्रथम कळलें.

संभाषण फुकट, आवाज स्वच्छ, आणि वर ग्वाही अशी कीं, तें एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत संकेतबद्ध असतें. ही ग्वाही पोकळ नव्हती. ऑक्टोबर २००५ मध्यें टॉम बर्सन या अमेरिकन कूटशास्त्रज्ञाचा अभिप्राय प्रसिद्ध झाला. कंपनीनें त्यास पाचारण करून प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे कारागिरानें लिहिलेला मूळ मजकूर, दाखविला होता. आंतील संकेतपद्धति सर्वमान्य असून योग्य रीतीनें वापरल्या आहेत, असें मत त्यानें दिलें. परंतु तपासणारा एक, आमंत्रण कंपनीचें, आणि तपासलेला मजकूर मात्र इतर सर्वांस अदृश्य! वैद्य कितीहि प्रामाणिक असला तरी एका दिवशीं पाहिलेली नाडी पुढील वीस वर्षांच्या प्रकृतीची हमी देऊं शकत नाहीं.

बाहेरच्यांनीं आंत डोकावूं नये याची तजवीज किती कसून केली होती, हें १९०६ नव्हे तर २००६ च्या मार्च महिन्यांत, म्हणजे या अभिप्रायानंतर पांचसहा महिन्यांतच, दिसून आलें. फिलिप बियोंदी व फाब्रिस देक्लो या फ्रेंच संशोधकांनीं तो प्रोग्राम उलगडण्याचा खटाटोप करून आपले निष्कर्ष युरोपांतील एका परिषदेंत मांडले. प्रोग्रामचे भाग स्वतःच संकेतबद्ध होते. कोणी हात लावला कीं काय हें पाहणाऱ्या शेंकडों चौक्या आंत पेरल्या होत्या. आणि तपासणीचें साधन चालू दिसतांच तो चालण्याचें नाकारी. व्यापारी गुपित राखण्याचा कंपनीस अधिकार आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु या संशोधकांनीं काढलेलें अनुमान विचारणीय होतें: जो प्रोग्राम इतका अपारदर्शक आहे, त्याच्या पोटांत उद्यां कांहीं वेगळें घातलें तर तें कोणास कळणार? शिवाय प्रत्येक ग्राहकाची ओळख प्रमाणित करण्याचा शिक्का कंपनीच्याच हातीं होता. शिक्का ज्याच्या हातीं, तो खोटा माणूस खरा म्हणून उभा करूं शकतो. तो करीत होता असें नव्हे, पण करूं शकला असता.

ही शंका केवळ तर्काची राहिली नाहीं. चीनमध्यें ही सेवा टॉम ऑनलाइन या कंपनीच्या भागीदारीनें चाले व तेथील ग्राहकांस 'टॉम-स्काइप' नांवाची निराळी आवृत्ति मिळे. टोरांटो विद्यापीठांतील सिटिझन लॅबचे संशोधक नार्ट व्हिलनोव्ह यांनीं ऑक्टोबर २००८ मध्यें तिच्याविषयीं जो वृत्तांत प्रसिद्ध केला, तो वाचून आजहि मन अस्वस्थ होतें. लेखी संदेशांत फालुन गोंग, तैवानचें स्वातंत्र्य, कम्युनिस्ट पक्ष अशांसारखे शब्द आले कीं, तो संदेश जसाच्या तसा चीनमधील सर्व्हरवर सांठविला जात होता. अशा नोंदी दहा लाखांहून अधिक होत्या. चीनबाहेरचा कोणी टॉम-स्काइपवरील मित्राशीं लिहून बोलला तर त्याचेहि शब्द त्याच पेटींत जात. आणि कळस हा कीं, ती पेटीहि नीट बंद केलेली नव्हती. नोंदी व त्या उलगडण्याची किल्ली दोन्ही बाहेरच्यास हाताशीं लागतील अशा ठेविल्या होत्या. कांहीं शब्द गाळले जातात हें आपणांस ठाऊक होतें, पण संदेश सांठविले जातात हें ठाऊक नव्हतें, असा खुलासा स्काइपच्या अध्यक्षांनीं केला. तो खरा मानला तरी त्यानें समाधान होत नाहीं. उलट भीति वाढते. कारण मग असें ठरतें कीं, बंद घरांत काय चाललें आहे हें घरमालकासहि माहीत नव्हतें.

ज्यानें तो संदेश लिहिला त्याच्या बाजूनें क्षणभर विचार करावा. त्याच्या पडद्यावर तेंच निळें चिन्ह, तीच खिडकी. परीक्षा करण्यास त्याच्याजवळ एकहि दाणा नव्हता.

चीनची गोष्ट निराळी, लोकशाही देशांत असें घडत नाहीं, असें म्हणून वाचकांनीं निश्चिंत होऊं नये. आपल्या सेवेची रचना व संकेतपद्धति अशी आहे कीं, टेलिफोन ऐकण्याचा हुकूम आला तरी तो आपणांस पाळतां येणार नाहीं, असें स्काइपनें २००८ सालीं सांगितलें होतें. मे २०११ मध्यें मायक्रोसॉफ्टनें ही कंपनी साडेआठ अब्ज डॉलरांस विकत घेण्याचें जाहीर केलें. २०१२ सालीं असें दिसून आलें कीं, ग्राहकांच्या संगणकांवर चालणारें पत्ते शोधण्याचें काम आतां कंपनीच्या स्वतःच्या सुमारें दहा हजार यंत्रांवर आणलें गेलें आहे. सेवा अधिक भरंवशाची व्हावी म्हणून हा बदल केला, असें कंपनीचें म्हणणें. आणि २००७ चा अनुभव पाहतां त्यांत तथ्यहि होतें. पण त्याच वर्षीं, आतां संभाषण ऐकतां येतें काय, असें पत्रकारानें विचारलें असतां होय वा नाहीं असें उत्तर मिळालें नाहीं. कायद्यानें व तंत्रानें शक्य तितकें सहकार्य आपण करतों, एवढेंच मिळालें. चार वर्षांपूर्वींच्या 'नाहीं'चें मौन झालें होतें.

जून २०१३ मध्यें एडवर्ड स्नोडेन यांनीं अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे कागद बाहेर आणले आणि त्या मौनाचा अर्थ लावण्यास साधन मिळालें. 'प्रिझम' या योजनेंत कोणती कंपनी केव्हां आली याची एक यादी त्यांत होती. तींत स्काइपपुढें ६ फेब्रुवारी २०११ ही तारीख होती. म्हणजे विक्री जाहीर होण्यापूर्वीं तीन महिने. सगळा दोष नव्या मालकाच्या माथीं मारणाऱ्यांनीं ही तारीख लक्षांत घ्यावी. सरकारी खात्यांस संभाषण कसें उपलब्ध करून देतां येईल याचा विचार करणारी एक गुप्त योजना कंपनींत पूर्वींपासून चालू होती व ती बारा जणांनाहि ठाऊक नव्हती, असें न्यूयॉर्क टाइम्सनें त्याच महिन्यांत छापलें. जुलै २०१२ नंतर स्काइपवरील दृश्य-संभाषणें हातीं लागण्याचें प्रमाण तिपटीनें वाढलें, अशी त्या संस्थेच्याच कागदांतील नोंद गार्डियननें प्रसिद्ध केली. आपण सरसकट कोणास दार उघडून देत नाहीं, नांवानिशीं आलेले कायदेशीर हुकूम तेवढे पाळतों, असा मायक्रोसॉफ्टचा प्रतिवाद होता. दोहोंपैकीं कोणाचें किती खरें, हें ठरविण्यास सामान्य ग्राहकाजवळ साधन नव्हतें. आणि आमची तक्रार नेमकी हीच आहे.

मॅझिनीचे दाणे या सर्व काळांत एकदां मात्र उपयोगी पडले. मे २०१३ मध्यें जर्मनींतील हाइझे या नियतकालिकाच्या मंडळींनीं स्काइपवरील खासगी संदेशांत मुद्दाम तयार केलेले इंटरनेटचे पत्ते एकमेकांस धाडले. ते पत्ते दुसऱ्या कोणासहि ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. कांहीं तासांनीं त्या पत्त्यांवर कोणी तरी येऊन गेल्याची नोंद सांपडली, आणि तो येणारा मायक्रोसॉफ्टच्या यंत्रावरून आला होता. फसवणुकीचे दुवे शोधण्याकरितां संदेश यंत्रानें तपासले जाऊं शकतात, असें कंपनीच्या नियमांत असल्याचें उत्तर मिळालें. हेतु चांगला असेल. परंतु जो संदेश तपासतां येतो तो मधल्या माणसास वाचतां येतो, एवढें त्या खसखशीनें सिद्ध केलें.

येथें दुसरी बाजू न मांडणें अप्रामाणिकपणाचें होईल. ता. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर हल्ला झाला तेव्हां सीमेपलीकडील सूत्रधार इंटरनेटमार्गें चालणाऱ्या फोनसेवेनेंच हल्लेखोरांस हुकूम सोडीत होते. तीं बोलणीं आपल्या पोलिसांनीं ऐकलीं, टिपलीं, आणि पुढें खटल्यांत तींच पुराव्यास आलीं. ज्या शहरानें त्या तीन रात्री पाहिल्या, त्याला 'सरकारनें कधींच ऐकूं नये' असें सांगण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. २०१० सालीं भारत सरकारनें ब्लॅकबेरीचे संदेश वाचतां यावे असा आग्रह धरला व स्काइपकडेहि तशीच मागणी करण्याचा मनोदय जाहीर केला, त्यामागें हीच स्मृति होती.

परंतु ऐकण्यासहि रीत असते. १९९६ सालीं पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या अर्जावर आपल्या सर्वोच्च न्यायालयानें टेलिफोनवरील संभाषण हा खासगी जीवनाचा भाग ठरविला, आणि तें ऐकावयाचें तर गृहसचिवाचा लेखी हुकूम, त्यास मुदत, व त्यावर फेरविचार करणारी समिति असे निर्बंध घातले. २०१७ सालीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें खासगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचें एकमतानें सांगितलें. जर्मनीच्या घटना-न्यायालयानेंहि २००८ सालीं संगणकाच्या गोपनीयतेस मूलभूत हक्काचें संरक्षण दिलें होतें. तरीहि ऑक्टोबर २०११ मध्यें केऑस कॉम्प्युटर क्लबनें पोलिसांचा एक छुपा प्रोग्राम उलगडून दाखविला. तो संशयिताच्या संगणकांत शिरून स्काइपचें बोलणें तर ऐकेच, पण न्यायालयानें आंखून दिलेल्या मर्यादेपलीकडचेंहि बरेंच कांहीं करूं शके. मर्यादेचें उल्लंघन उघडकीस आलें तें कोणाच्या वचनानें नव्हे. प्रोग्राम परक्या तपासनिसांच्या हातीं पडला म्हणून.

तर मग सोर्स कोड उघडा केला कीं सर्व चिंता मिटली, असें समजावें काय? तसेंहि नाहीं. ओपन-एसएसएल हें इंटरनेटच्या निम्म्या व्यवहाराचा आधार असलेलें साधन पूर्णपणें उघडें होतें. तरी २०१२ सालीं त्यांत शिरलेली 'हार्टब्लीड' ही चूक एप्रिल २०१४ पर्यंत जगाच्या नजरेस आली नाहीं. ग्रंथ उघडा ठेविला म्हणजे कोणी तरी तो वाचलाच असेल असें नव्हे. फरक एवढाच कीं, चूक सांपडली ती बाहेरच्यांस सांपडली, आणि ती सुधारली कीं नाहीं हें पाहणें कोणासहि शक्य होतें. बंद पोथींत चूक आहे कीं नाहीं हें पोथीवाला सांगेल तेंच खरें. आणि हातांतील यंत्रच जर कोणी काबीज केलें, तर उघडें काय आणि बंद काय, कोणतेंच कुलूप उपयोगाचें नाहीं.

केर्कहॉफ्सचा नियम अखेर स्काइपच्याहि घरीं आला, पण फार उशिरां. सिग्नल या उघड्या साधनाची जगजाहीर संकेतपद्धति २०१८ सालीं तिनें स्वीकारली. तीहि सर्व संभाषणांस नव्हे, तर ग्राहकानें मुद्दाम निवडल्यास. पुढल्याच वर्षीं, ऑगस्ट २०१९ मध्यें, स्काइपच्या भाषांतर-सोयीचा उपयोग करणाऱ्यांच्या संभाषणांचे तुकडे कंत्राटी माणसें ऐकतात अशी बातमी आली. यंत्रास शिकविण्याकरितां म्हणून कां होईना, संभाषण षट्कर्णीं झालेंच होतें.

असो. स्काइप गेली, तिच्या जागीं दुसऱ्या सेवा आल्या. आज ज्या व्हॉट्सअ‍ॅपवर आपलीं बहुतेक घरें बोलतात, त्यांत सिग्नलचीच पद्धति २०१६ पासून सर्व संभाषणांस लागू आहे. ही मोठीच सुधारणा होय. परंतु कुलुपाचा नकाशा प्रसिद्ध असला तरी दार कंपनीचें आणि बंदच आहे. आणि २०१९ सालीं त्याच सेवेच्या फोन-सोयींतील एका फटींतून पेगासस नांवाचा हेर अनेकांच्या, भारतीयांच्याहि, फोनांत शिरला होता. तेव्हां जुनी निश्चिंतता नव्या नांवावर चढविण्यापूर्वीं थोडें थांबावें, हें बरें.

स्काइपच्या बावीस वर्षांच्या इतिहासांतून आम्हांस जो बोध दिसतो तो कंपन्या दुष्ट असतात हा नव्हे. तिच्या कारागिरांनीं चांगलें कुलूप केलें होतें, आणि आरंभींचीं कित्येक वर्षें तें साध्या टेलिफोनपेक्षां अधिक सुरक्षितहि होतें. परंतु ज्या भिंतीनें प्रथम बोलणाऱ्यांस आडोसा दिला, तिच्याचआड पुढें ऐकणारा उभा राहूं शकला. आणि तो कोणत्या दिवशीं आला, हें बाहेरून कोणासहि सांगतां आलें नाहीं. मालक तीनदां बदलला, कायदे बदलले, रचना बदलली. बदललें नाहीं तें ग्राहकाच्या पडद्यावरील चित्र. जी सुरक्षितता दुसऱ्याच्या सद्धेतूवर अवलंबून आहे, ती त्याचा हेतु बदलेपर्यंतच टिकते.

म्हणून आपल्या घरांत कोणतेंहि नवें साधन येईल तेव्हां त्याचा आवाज किती स्वच्छ व तें किती फुकट, एवढेंच विचारून थांबूं नये. किल्ली कोणाच्या हातीं आहे, आणि कुलूप परक्या जाणत्याकडून तपासून घेतां येतें काय, हेहि दोन प्रश्न विचारावे. जानेवारी २०१३ मध्यें अनेक देशांतील नागरिकसंस्थांनीं स्काइपला उघड पत्र लिहून सरकारी मागण्यांचा हिशेब मागितला, आणि दोन महिन्यांनीं मायक्रोसॉफ्टनें तसा हिशेब प्रथमच प्रसिद्ध केला. त्यांत सर्व कांहीं होतें असें नाहीं. तरी विचारल्यावांचून तेवढेंहि मिळालें नसतें, ही गोष्ट ज्यांनीं आपल्या मुलानातवंडांशीं खासगी बोलावयाचें आहे त्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.